आधी उघडायचं कसं ते ठरवा : दुरुस्त होणारी आणि भंगारातही कामाला येणारी वस्तू डिझाइन करताना

वस्तू किती वर्षं चालणार, आणि बिघडली की दुरुस्तीच्या दुकानात जाणार की थेट भंगारात, हे बहुतेक वेळा ती कारखान्यात पोचण्याआधीच ठरून गेलेलं असतं. पुण्याजवळच्या भोसरीतल्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवणाऱ्या कारखान्यात, प्लास्टिकच्या भागांचा मोल्ड (साचा) एकदा कापून झाला की साधा एक स्क्रू इकडचा तिकडे करायचा म्हटलं तरी खर्च आणि वेळ दोन्ही अंगावर येतात. म्हणून हा विचार कागदावरच्या पहिल्या रेघेपासून हवा.

डिप्लोमा, इंजिनिअरिंग किंवा डिझाइनचं शिक्षण संपवून नुकतेच कामाला लागलेले, आणि स्वतःचं पहिलं उत्पादन बाजारात आणायच्या तयारीत असलेले छोटे उद्योजक, यांच्यासाठी हे लिहितो आहे. उदाहरणं घरगुती विजेच्या उपकरणांची घेतली आहेत, कारण ती प्रत्येकाच्या घरात आहेत आणि पुण्यात त्यांचे सुटे भाग, दुरुस्ती करणारे आणि भंगारवाले असे सगळेच हाताशी आहेत. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. वस्तू कशी उघडते, हे सगळ्यात आधी ठरवा. बाकीचे निर्णय त्याच्यामागून येतात.

१. आधी दुसऱ्याची वस्तू खोला

जे बनवायचं आहे, त्याच जातीची एक जुनी वस्तू मिळवा. मंगळवार पेठेजवळच्या जुन्या बाजारात किंवा घराजवळच्या भंगाराच्या दुकानात ती स्वस्तात मिळते. प्लग काढलेला आहे ना, हे दोनदा बघा. मायक्रोवेव्ह, जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणि इन्व्हर्टर यांना मात्र शिकाऊ हात लावू नये. वीज बंद केल्यावरही त्यांच्या आत जीवघेणा भार शिल्लक राहू शकतो.

सुरुवातीला मिक्सरसारखी दुसरी चांगली वस्तू नाही. वही जवळ ठेवा आणि प्रत्येक पायरी लिहा: काय काढलं, कोणत्या हत्याराने, किती वेळ लागला, काढताना काही तुटलं का. मिक्सर उलटा केला की तळाचे स्क्रू दिसतात, कधी ते रबरी पायांच्या आत लपवलेले असतात. आत ओव्हरलोड झाल्यावर उडणारं बटण, मोटर आणि मोटरच्या दोन बाजूंना कार्बन ब्रश. हे ब्रश झिजण्यासाठीच असतात.

पण मिक्सरमधला सगळ्यात शहाणा भाग वर, उघड्यावर असतो. तो म्हणजे कपलर, मोटरचं फिरणं जारच्या पात्यापर्यंत पोचवणारी दातेरी चकती. जारचं पातं अडकलं की मोटर जळण्याआधी या कपलरचे दाते जातात. तो मुद्दाम मऊ ठेवलेला, स्वस्त आणि सहज मिळणारा भाग आहे, आणि बदलायला मिक्सर खोलावा लागत नाही. मोटर ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेने कपलर फिरवला की तो सुटतो. आटेच तसे पाडलेले असतात, त्यामुळे चालताना तो सैल न होता उलट आवळत जातो. ज्याने हे पहिल्यांदा ठरवलं, त्याने घराघरांतल्या किती मोटरी वाचवल्या असतील! नवख्याने या एका भागापुढे बसून अर्धा तास घालवावा. काय तुटणार हे डिझाइन करणाऱ्याने स्वतः ठरवलं, तो भाग सगळ्यात वर आणला, आणि तो बाजारात मिळत राहील याची सोय केली.

आता त्याच मिक्सरचं जार बघा. पात्याची दांडी ज्यात फिरते तो बुश झिजून जार गळायला लागणं ही नेहमीची तक्रार. ज्या जारचा तळ उघडून बुश बदलता येतो, ते जार वर्षानुवर्षं चालतं. ज्याचा तळ रिव्हेट मारून बंद केलेला असतो, ते बुशपायी अख्खं टाकावं लागतं. स्टीलचं भांडं दोन्हीकडे तितकंच चांगलं असतं.

२. पहिलं काय जातं, ते दुरुस्ती करणाऱ्याला विचारा

आपल्या वस्तूत सगळ्यात आधी काय बिघडेल, याचा अंदाज घरी बसून करू नका. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास, किंवा तुमच्या भागातल्या मिक्सर-गिझर दुरुस्तीच्या दुकानात जा. गर्दीची वेळ टाळून जा आणि दोनच प्रश्न विचारा: 'दादा, यात पहिलं काय जातं?' आणि 'कोणती वस्तू खोलायला नको वाटते?' दुसऱ्या प्रश्नाला मिळणारी उत्तरं जास्त मोलाची असतात. कुठे स्क्रू स्टिकरखाली दडवलेला, कुठे वायर इतकी आखूड की झाकण उचललं की तुटतेच, कुठे एका बटणासाठी सगळा सांगाडा बाहेर काढावा लागतो.

बिघाडाची कारणं गावागावाप्रमाणे बदलतात, तेही विचारून घ्या. उपनगरांत बऱ्याच सोसायट्या बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर चालतात. तिथे गिझरच्या कॉइलवर क्षारांचे थर लवकर चढतात. मग कॉइल, थर्मोस्टॅट आणि टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली मॅग्नेशियमची कांडी, हे तिन्ही भाग गिझर भिंतीवरून न उतरवता खालून काढता आले पाहिजेत.

परत आल्यावर यादी करा. वर्षभरात जाऊ शकणारे भाग, चार-पाच वर्षांत जाणारे, आणि बहुधा कधीच न जाणारे. पहिल्या गटापर्यंत घरच्या माणसाचा हात पोचला पाहिजे, दुसऱ्यापर्यंत दुकानदाराचा. तिसरा गट कितीही आत गेला तरी चालेल.

३. जोडणी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

स्क्रू, क्लिप, गोंद आणि अल्ट्रासॉनिक वेल्डिंग (ध्वनिकंपनांनी प्लास्टिक वितळवून सांधणं) असे चार मार्ग नेहमी समोर येतात. गोंद आणि वेल्डिंग यांनी बंद केलेली वस्तू न तोडता उघडत नाही. पाणी आत जाऊ नये म्हणून गोंद वापरायचा मोह होतो, पण तिथे रबरी रिंग आणि स्क्रू हेच काम करतात आणि पुन्हा उघडूही देतात. छोट्या चार्जरचं खोकं वेल्डिंगने बंद करणं मला मान्य आहे. आत २३० व्होल्ट असतात, मुलांच्या हातात ते उघडता कामा नये. पण मग त्याची केबल वेगळी होणारी ठेवा, कारण चार्जरमध्ये पहिली जाते ती केबल.

स्क्रूबद्दल तपशिलात सांगतो. प्लास्टिकमध्ये थेट आटे पाडत जाणारा स्क्रू स्वस्त पडतो, पण चार-सहा वेळा उघड-मीट झाली की आटे जातात. तसा स्क्रू वापरायचाच असेल तर तो ज्यात शिरतो त्या प्लास्टिकच्या पोकळ दंडगोलाचा बाहेरचा व्यास स्क्रूच्या साधारण दुप्पट आणि भोक स्क्रूच्या व्यासाच्या ०.८ पट धरून सुरुवात करा. तो परत लावायची युक्तीही मॅन्युअलमध्ये छापा: आधी स्क्रू हलकेच उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात बसला की किंचित खाली उतरल्याचं बोटांना कळतं, मग आवळायचा. मुरलेले कारागीर हे न सांगता करतात. घरी पहिल्यांदा हात घालणाऱ्याला ते कोणी सांगितलेलं नसतं.

वारंवार उघडायच्या झाकणासाठी गरम करून बसवलेले पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेल्या छोट्या नळ्या) चांगले टिकतात, पण शेवटी ते प्लास्टिकमध्ये अडकून बसतात आणि चुंबकालाही लागत नाहीत. मला त्याहून साधी सोय आवडते. प्लास्टिकमध्ये षटकोनी खाच ठेवायची आणि तिच्यात लोखंडी नट बाजूने सरकवायचा. एम३ (३ मिमी स्क्रूच्या) नटच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर ५.५ मिमी आणि जाडी २.४ मिमी असते. खाच एक-दोन दशांश मिमी सैल ठेवा. बाजूने सरकवल्यामुळे झाकण उघडताना तो गळून पडत नाही. आटे गेले तर बोहरी आळीतून नवा नट आणायचा. आणि भंगारात गेल्यावर प्लास्टिक फोडलं की नट आपोआप सुटतो, चुंबक त्याला उचलतो.

सगळीकडे एकाच जातीचा आणि एकाच लांबीचा स्क्रू वापरायचा प्रयत्न करा. लांब स्क्रू चुकून आखूड जागी गेला की आतली वायर किंवा बोर्ड फोडतो. डोकं साधं चौफुलीचं, दोन नंबरचं ठेवा. त्याचा पेचकस प्रत्येक दुकानात असतो.

क्लिप वापरलीत तर ती कुठे दाबायची, याचा छोटा बाण मोल्डमध्येच कोरून घ्या. बाण नसला की माणूस पेचकस खुपसून अंदाज घेतो आणि कडा तुटतात.

४. साहित्य: कमी जाती, नाव छापलेलं

कसबा पेठेतल्या तांबट आळीत घडलेल्या पातेल्याची कल्हई गेली की पुन्हा करता येते. ते पार चेपलं तरी मोडीत वजनावर पैसे येतात, कारण त्यात तांब्याशिवाय फारसं काही नसतं. प्लास्टिकच्या वस्तूत इतका शुद्धपणा जमणार नाही, पण दिशा तीच ठेवा.

पुण्यात घरातून निघालेला सुका कचरा आधी कष्टकऱ्यांच्या हातांनी निवडला जातो. १९९३ मध्ये इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे कचरावेचकांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदारचं संकलन करू लागली. तुमची वस्तू हातात आली की ती कशाची आहे आणि विकली जाईल का, हे तिथे काही क्षणांत ठरतं. प्रयोगशाळेत 'पुनर्चक्रणयोग्य' ठरलेलं प्लास्टिक इथे कोणी विकत घेत नसेल, तर ते कचराच होतं. म्हणून नमुना तयार झाला की तो फोडून त्याचे तुकडे भंगारवाल्यापुढे ठेवा आणि प्रत्येकाचा काय भाव देणार ते विचारा. ज्याला भाव शून्य, त्याचा पुन्हा विचार करा.

बाहेरचं खोकं एकाच प्लास्टिकचं ठेवा. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आणि एबीएस या प्लास्टिकच्या जातींना गिऱ्हाईक आहे. दोन जाती वापरणं भागच असेल तर पाण्यात वेगळ्या होतील अशा निवडा. बादलीभर पाण्यात तुकडे टाकून बघा. पीपीची घनता ०.९च्या आसपास, म्हणून ते तरंगतं, एबीएसची १.०५, ते बुडतं, पीव्हीसीची १.४च्या जवळ, तेही बुडतं. पीपीत २० टक्के टाल्क (खनिजाची पूड) भरलं की तेसुद्धा बुडायला लागतं आणि निवड बिघडते. ताकद हवी म्हणून असा भराव टाकण्याआधी आतल्या बाजूच्या आधाराच्या पट्ट्या (बरगड्या) वाढवून काम होतं का ते बघा.

प्रत्येक मोठ्या भागाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचं नाव कोरा. त्यासाठी आयएसओ ११४६९ हे मानक आहे, त्यात भराव असेल तर तोही लिहायचा असतो. मोल्डमध्ये एकदा कोरलं की नगामागे काहीच खर्च येत नाही.

रंग शक्यतो प्लास्टिकमध्येच मिसळा. वरून मारलेला पेंट आणि क्रोमचा मुलामा यांमुळे एबीएसचा भाव पडतो. नेहमीच्या काजळीने काळं केलेलं प्लास्टिक प्रकाशाच्या किरणांनी निवडणाऱ्या यंत्रांना ओळखता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. कागदी स्टिकर चिकटवण्यापेक्षा माहिती कोरून घ्यावी.

धातूंचं एक महत्त्वाचं. मोटरचं तांबं पोलादापासून सहज सुटलं पाहिजे. तांबं पोलादाबरोबर भट्टीत गेलं की नेहमीच्या प्रक्रियेत ते पुन्हा बाहेर काढता येत नाही, आणि त्याचं प्रमाण वाढलं की गरम लाटताना पोलादाला तडे जातात. मोटर दोन स्क्रूंवर बसवा. तिच्यावर राळ (रेझिन) ओतून तिला खोक्यात गाडून टाकू नका.

५. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड आल्या तर

छताचा पंखा घ्या. जुन्या पद्धतीचा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, नवा बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणाऱ्या मोटरचा, ३० वॉटच्या आसपास. रोज १२ तास आणि वर्षाचे ३०० दिवस चालला तर फरक १६२ युनिटांचा पडतो. एका घरातले तीन-चार पंखे धरले तर हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. म्हणून इथे नव्या पंख्याच्या बाजूनेच उभं राहायला हवं.

पण जुना पंखा हळू झाला की बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. २.५ मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि इलेक्ट्रिशियन शिडीवर उभ्या उभ्या पंखा चालता करून देतो. बीएलडीसीत बोर्ड गेला की तोच इलेक्ट्रिशियन हात वर करतो. बोर्ड त्या कंपनीचाच लागतो, आणि तो मिळाला नाही तर चांगली मोटर, चांगली पाती, सगळंच उतरवावं लागतं. वाचवलेल्या विजेच्या बदल्यात दुरुस्ती गमवायची, असं काही लिहून ठेवलेलं नाही. बोर्ड वरच्या वाटीत किंवा खालच्या झाकणात ठेवा, पंखा न उतरवता तो हाती आला पाहिजे. मोटरच्या तारा बोर्डाला डाग देऊन न जोडता कनेक्टरवर आणा. तोच बोर्ड आपल्या निदान तीन-चार मॉडेलांना चालेल असा करा, म्हणजे दुकानदाराला एखादा बाळगून ठेवणं परवडेल.

अशी ओढाताण प्रत्येक वस्तूत येते. ठोकताळा असा धरा: वापरताना खूप वीज किंवा पाणी खाणाऱ्या वस्तूत आधी ती खाणं कमी करा. जी वस्तू वापरात फारसं काही खात नाही, तिच्यात आयुष्य वाढवणं आणि दुरुस्ती यांना पहिला मान द्या. घेतलेला निर्णय कारणासकट फाइलमध्ये लिहून ठेवा, नाहीतर वर्षभराने कोणीतरी खर्च वाचवायला नेमका तोच स्क्रू काढून टाकेल.

६. सर्किट आणि बॅटरी

पॉवरचा भाग आणि बटण-डिस्प्लेचा भाग वेगळ्या बोर्डांवर ठेवा, कारण व्होल्टेज वर-खाली झालं की जातो तो पॉवरचा भाग. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गरम होणाऱ्या भागांपासून लांब बसवा. तापमान १० अंशांनी कमी केलं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. तारांना एवढी ढील द्या की झाकण उघडून शेजारी टेबलावर ठेवता येईल. बोर्डावर राळ ओतायची वेळ आलीच तर फक्त पाणी लागणाऱ्या भागापुरती ओता.

कोणतं सोल्डर वापरलं ते बोर्डावर छापा. शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं, बाजारातलं शिसंवालं १८३ अंशांच्या आसपास. कारागिराला हे माहीत नसेल तर तो कमी तापलेली सोल्डरिंगची इस्त्री बराच वेळ टेकवून बोर्डावरची पट्टी उचकटून टाकतो.

लिथियमची बॅटरी कधीही चिकटवू नका. ती प्लगने सुटणाऱ्या पॅकमध्ये ठेवा आणि तिची जागा बाहेरूनच चिन्हाने दाखवा. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेलेली लिथियम बॅटरी पेट घेते, आणि तिथे शेजारी माणसं काम करत असतात.

७. कायद्याची बाजू

ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. तुमची वस्तू त्यांच्या यादीत असेल तर उत्पादक म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी आणि पुनर्चक्रणाची ठरावीक जबाबदारी येते. शिसं, पारा, षट्संयुजी क्रोमियम आणि ठरावीक ब्रोमिनयुक्त अग्निरोधक यांना वजनाच्या ०.१ टक्क्याची, तर कॅडमियमला ०.०१ टक्क्याची मर्यादा आहे. पुरवठादाराकडून याचं पत्र आधीच घ्या. बॅटरीसाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत.

युरोपला माल पाठवायचा विचार असेल तर १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ध्यानात ठेवा. तेव्हापासून, काही अपवाद सोडता, तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. फ्रान्सने २०२१ पासून काही वस्तूंवर दहापैकी दुरुस्ती-गुण छापायला लावले. माहितीपत्रकं, उघडण्याची सोय, सुट्या भागांची उपलब्धता आणि त्यांची किंमत या मुद्द्यांवर ते गुण दिले जातात. आपल्याकडे सक्ती असो-नसो, हेच मुद्दे घेऊन आपल्या नमुन्याला स्वतः गुण देऊन बघा. किमतीचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. सुटा भाग नव्या वस्तूच्या निम्म्या किमतीला पडत असेल तर तो कोणी घेत नाही.

८. नमुना दुसऱ्याच्या हातात द्या

थ्रीडी प्रिंटचा नमुना हातात आला की ज्या दुकानदाराला प्रश्न विचारले होते, त्याच्याकडेच पुन्हा जा. त्याचा वेळ जाणार आहे, त्याचे पैसे आधी ठरवून द्या. नमुना हातात देऊन फक्त एवढंच सांगा: 'यातली मोटर बदलायची आहे.' मग गप्प उभे राहा. तो अंगठ्याचं नख पहिल्यांदा कुठे लावतो, ते बघा. उघडण्याची खाच तिथेच हवी. तो कुठे थांबतो, कुठे जोर लावतो, काढलेले स्क्रू कुठे ठेवतो, हे सगळं टिपून घ्या. त्याने परत जोडल्यावर वस्तू चालते का, तेही तिथेच तपासा. उघडणं बऱ्याच वस्तूंना जमतं, धड परत बंद होणं थोड्यांनाच.

पहिला लॉट निघायच्या आधी सुट्या भागांची यादी तयार हवी. प्रत्येक भागाला क्रमांक द्या आणि तो क्रमांक भागावरच कोरा. उघडलेल्या अवस्थेतलं चित्र आणि वायरिंगची आकृती झाकणाच्या आत चिकटवा किंवा क्यूआर कोडने द्या, मराठी आणि हिंदीतही. पहिल्या गटातले, म्हणजे वर्षभरात जाऊ शकणारे भाग मूळ लॉटबरोबरच जास्तीचे काढून ठेवा. नंतर तेवढ्यासाठी मोल्ड पुन्हा मशीनवर चढवणं महाग पडतं.

विक्री सुरू झाली की परत आलेला प्रत्येक नग स्वतः उघडा. तारीख, कोणता भाग गेला, किती महिन्यांनी गेला आणि उघडायला किती वेळ लागला, एवढं वहीत लिहा. पुढच्या वेळी मोल्डमध्ये बदल करायला टूलरूममध्ये जाल, तेव्हा ही वही बरोबर न्या, आणि तिच्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला भाग बदलांच्या यादीत पहिला घ्या.